वीस टक्के

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. आमच्या डोंबिवलीत स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर एक पुस्तकांचं दुकान होतं. ते २०१९ साली बंद झालं, आणि ते बंद पाडणाऱ्यांमध्ये मीही एक होतो.

दुकानाचं नाव सांगत नाही. घरच्या मंडळींना ते कोणतं हे लगेच कळेल. बाकीच्यांनी आपापल्या गावातलं एखादं डोळ्यांसमोर आणावं, फार फरक पडणार नाही. अरुंद, खोल गाळा. पुढच्या भागात वह्या, कंपासपेट्या आणि बालभारतीची पुस्तकं. जून महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे. दिवाळीच्या आधी दोरीला चिमटे लावून दिवाळी अंक टांगलेले. आणि या सगळ्याच्या मागे, ट्यूबलाइटखाली, कथा-कादंबऱ्या-चरित्रांची तीन कपाटं. जूनच्या वह्यांवर वर्षभराचं भाडं निघायचं आणि त्या भाड्याच्या जिवावर मागची तीन कपाटं उभी होती, हे मला फार उशिरा कळलं.

काका (दुकानदार हो, आमचे सख्खे नव्हेत) मला शाळेपासून ओळखायचे. २०१६ च्या सुमाराला एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे एका चरित्राची चौकशी केली. दोन खंड, किंमत बऱ्यापैकी. ते म्हणाले, "आत्ता नाहीये, पण चांगलं आहे. पहिल्या खंडातली सुरुवातीची शंभर पानं नेटाने वाच, मग सोडवणार नाही." मी मान डोलावली, घरी आलो आणि रात्री जेवण झाल्यावर संगणकावर तेच पुस्तक तीस टक्के सवलतीत मागवलं. चार दिवसांत घरपोच आलं. सुरुवातीची शंभर पानं नेटाने वाचली. मग खरोखरच सोडवलं नाही.

दोन आठवड्यांनी काकांचा फोन. "अरे, ते तुझं पुस्तक आलंय. मागवून ठेवलंय."

मी म्हणालो, "हो हो, येतो." आणि गेलो नाही.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. दुकानाचं शटर कायमचं खाली आल्यावर माझ्या मनाने एक पळवाट शोधली, की आपल्या एकट्याच्या एका पुस्तकाने काय होतंय, जगभर हेच चाललंय. म्हटलं बघूया तरी, जगभर नक्की काय चाललंय. म्हणून जमेल तसं वाचत गेलो. त्यात जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात मुंबईपासूनच करू. एक गंमत बघा. मुंबईची दोन नामांकित पुस्तकांची दुकानं सिनेमा थिएटरांच्या आश्रयाने जन्माला आली आणि दोघांनी नावंही थिएटरांचीच घेतली. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट तिथेच लागला. त्या थिएटरच्या सावलीत केशवराव कोठावळ्यांचा मॅजेस्टिक बुक स्टॉल वाढला. पुस्तकं विकता विकता ते प्रकाशक झाले, आणि जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी 'ललित' मासिक सुरू केलं. नवीन पुस्तक कोणतं आलं, कोण काय लिहितंय, हे वाचकाला सांगण्यासाठी काढलेलं मासिक. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' होऊन भल्याभल्या लेखकांची खिल्ली उडवायचे ते याच 'ललित'मध्ये. आमच्या घरी जुने अंक होते आणि बाबा पुरवणीसारखं आधी तेच सदर उघडायचे. एका पुस्तकविक्रेत्याला वाटलं की वाचकाला नुसतं पुस्तक देऊन भागत नाही, पुस्तकाची बातमीही द्यायला हवी, त्यातून हे उभं राहिलं.

दुसरं दुकान स्ट्रँड. १९४८ साली टी. एन. शानभाग यांनी कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोटासा स्टॉल टाकला. पुढे दुकान फोर्टात आलं. असं सांगतात, की विद्यार्थी असताना एका बड्या दुकानात पुस्तकं चाळत असताना शानभागांना हटकलं गेलं होतं, आणि तेव्हाच त्यांच्या मनाने घेतलं की आपण दुकान काढू, तिथे कोणीही यावं, पुस्तक हातात घ्यावं, उभ्याने वाचावं. पुस्तकविक्रीसाठी त्यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली.

स्ट्रँडची आणखी एक ख्याती म्हणजे सवलत. छापील किमतीवर वीस टक्के, आणि वार्षिक प्रदर्शनात त्याहून बरीच जास्त. चर्चगेटजवळच्या सुंदराबाई हॉलमध्ये ते प्रदर्शन भरायचं. बाबांचं ऑफिस फोर्टात. ते मला एकदा शनिवारी सोबत घेऊन गेले होते. मी दारातच घुटमळलो, कारण दुकानात गेलं की हात मागे बांधून उभं राहायचं हे आईने शिकवलेलं. बाबा म्हणाले, "उघड की. इथे कोणी काही बोलत नाही." त्या दिवशी घेतलेला प्राण्यांचा जाडजूड सचित्र कोश अजून घरी आहे. शिवण उसवलीय, पण आहे. बहिणीने त्यातल्या जिराफाला मिशा काढल्यात, त्याही आहेत.

तर हे वीस टक्के मला पुढे छळायला लागले. कारण स्ट्रँडला मोठं केलं ते सवलतीने, आणि आमच्या काकांना बुडवलं तेही सवलतीनेच. मग सवलत चांगली की वाईट?

जरा हिशेब करू. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे. विक्रेत्याला प्रकाशकाकडून तीस टक्के कमिशन मिळतं असं धरू. म्हणजे पुस्तक त्याला २१० ला पडलं, हातात राहिले ९०. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दहा टक्के सोडले की उरले ६०. या साठात गाळ्याचं भाडं, वीज, मदतनीस पोराचा पगार, आणि न खपता पिवळी पडत गेलेल्या पुस्तकांचं नुकसान. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा छापील पुस्तकं करमुक्त राहिली, हे चांगलंच झालं. पण पुस्तकावर कर नाही म्हणजे गाळ्याच्या भाड्यावर भरलेला कर विक्रेत्याला वळता करून घेता येत नाही, तो त्याच्याच अंगावर. आता मी जेव्हा तेच पुस्तक तीस टक्के सवलतीत मागवतो तेव्हा ते मला २१० ला मिळतं. काकांना जे पुस्तक २१० ला पडतं, ते मला घरबसल्या २१० ला! त्यांनी कितीही कमरेचं सोडलं तरी ते या भावाला कुठून पुरे पडणार?

पुस्तकाची किंमत कोणी ठरवायची, प्रकाशकाने की विकणाऱ्याने, हे भांडण आपल्याकडचं नाही आणि आजचंही नाही. ते सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये भांडून झालंय. एकोणिसाव्या शतकात तिथले दुकानदार एकमेकांवर कुरघोडी करत शिलिंगमागे तीन पेन्स, म्हणजे पंचवीस टक्के सोडायचे. नुसती पुस्तकं विकून पोट भरेना, म्हणून कागद, पेनं, खेळणी असं काय काय ठेवायचे. (जूनच्या वह्या आठवल्या ना?) शेवटी फ्रेडरिक मॅकमिलन या प्रकाशकाने १८९० साली ठरवलं, की काही पुस्तकांवर दुकानदाराने सवलत द्यायचीच नाही, छापील किंमत तीच विक्रीची किंमत. या पद्धतीने निघालेलं पहिलं पुस्तक होतं आल्फ्रेड मार्शलचं अर्थशास्त्रावरचं. बाजाराचे नियम समजावणाऱ्या पुस्तकावरच बाजाराचे नियम बंद! १ जानेवारी १९०० पासून प्रकाशक आणि विक्रेते यांच्यात तसा रीतसर करार झाला आणि तो जवळपास शतकभर टिकला. १९६२ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयानेही करार लोकहिताचा आहे असं म्हटलं.

१९९५ च्या सप्टेंबरात मोठे प्रकाशक करारातून बाहेर पडले आणि तो कोसळला. १९९७ मध्ये तो बेकायदा ठरला. मग सुपरमार्केटं भाजीपाल्याबरोबर खपाऊ कादंबऱ्या निम्म्या किमतीत विकू लागली. तिथे १९९५ मध्ये सुमारे १,९०० स्वतंत्र पुस्तकांची दुकानं होती, ती २०१६ पर्यंत ९०० च्याही खाली आली. सगळा दोष करार मोडण्याचा नाही. मधल्या काळात इंटरनेट आलं, भाडी वाढली. पण आधार गेला होता हे खरं. नंतर हा आकडा पुन्हा वर चढला आणि २०२२ पर्यंत हजाराच्या पुढे गेला. म्हणजे सगळं संपलंच असंही नाही.

फ्रान्सची गोष्ट याच्या उलट. तिथे 'फ्नाक' नावाच्या बड्या दुकानसाखळीने १९७४ मध्ये पुस्तकं विकायला घेतली आणि सरसकट सवलत जाहीर केली. किती? वीस टक्के! छोटे विक्रेते हवालदिल झाले. सॅम्युएल बेकेटचे प्रकाशक जेरोम लँदाँ यांनी छोट्या दुकानांच्या बाजूने मोहीमच उघडली. त्यांचं म्हणणं असं होतं, की सवलतीच्या शर्यतीत लगेच खपणारी पुस्तकं तेवढी टिकतात, आणि हळू खपणाऱ्या, अवघड पुस्तकाला मांडणीवर जागा देणारा दुकानदार मरतो. तो मेला की तसली पुस्तकं छापणाराही मरतो. अखेर सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये कायदा करून घेतला. किंमत प्रकाशक ठरवणार, विकणाऱ्याने फार तर पाच टक्के सोडायचे. दुकान गल्लीतलं असो की राजवाड्याएवढं.

पुढे घरपोच विक्री आली, तेव्हा २०१४ मध्ये नियम झाला, की पाच टक्के सवलत आणि फुकट टपालखर्च दोन्ही एकदम द्यायचं नाही. यावर ॲमेझॉनने टपालखर्च लावला एक सेंट! कायदा पाळला, गिऱ्हाइकही खूश. आपल्याकडचा एखादा वकील शोभेल अशी ही युक्ती. मग ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंच्या आतल्या खरेदीवर किमान तीन युरो टपालखर्च घ्यायचाच असं ठरलं. आजही तिथे तीन हजारांहून जास्त स्वतंत्र दुकानं आहेत.

हे वाचल्यावर मी घरात दोन दिवस 'आपल्याकडेही असा कायदा हवा' म्हणून भाषणं देत होतो. बायकोने एकच प्रश्न विचारला. "मग तुझे ते सुंदराबाई हॉलवाले शानभाग तिकडे असते तर?"

तिकडे ते कायदा मोडणारे ठरले असते. बसलो गप्प.

कारण हेही खरंच आहे, की ज्या देशात पुस्तक ही चैन होती (आणि अजूनही अनेक घरांत आहे), तिथे शानभागांच्या वीस टक्क्यांनी किती विद्यार्थ्यांच्या हातात पहिलं पुस्तक पडलं असेल. माझ्या हातात कोश पडला तो तसाच. छापील किमतीत बाबांनी तो घेतला नसता. मी विचार करत राहिलो, की हे वीस टक्के आणि माझे ते रात्रीचे तीस टक्के यांत फरक काय. मला वाटतं, फरक पुढे काय होतं यात आहे. शानभाग मोठ्या संख्येने पुस्तकं घ्यायचे, स्वतःचा नफा कमी ठेवायचे आणि खपावर भागवायचे. ते वीस टक्के देणाऱ्याचं पोटही पुस्तकांवरच होतं. मी पुन्हा आलो नाही तर त्यांचं दुकान चालणार नव्हतं. घरपोच विकणाऱ्या कंपन्यांचं तसं नव्हतं. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूरला सुरू झालं ते पुस्तकं विकत. ॲमेझॉन जून २०१३ मध्ये भारतात आलं तेही पुस्तकं आणि चित्रपटांच्या तबकड्या घेऊन. पुस्तक हे टिकाऊ, न फुटणारं, पाठवायला सोपं, म्हणून त्याच्यावर हात बसवायचा, आणि मग फोन, कपडे, शीतकपाटं. पुस्तकावर तोटा झाला तरी तो दुसरीकडे भरून निघतो. काकांना दुसरीकडे म्हणजे वह्याच.

शानभाग २००९ च्या फेब्रुवारीत गेले. स्ट्रँड फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं, सत्तर वर्षांनी. त्याआधी २०१२ मध्ये पुण्यातलं मॅनीज बंद झालं होतं. तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ छापून आली, आम्हीही एकमेकांना पाठवली. मी मनात विचारलं, या दुकानांत आपण शेवटचं पुस्तक कधी घेतलं होतं? उत्तर आठवेना.

सगळंच काळं नाही. फोर्टातच २०११ मध्ये किताबखाना सुरू झालं. डिसेंबर २०२० मध्ये तिथे आग लागली, पुस्तकं जळली, भिजली. मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात आजही चालायला जागा नसते. (पानिपतच्या मोहिमेत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव अप्पा, त्यांच्या नावाचा हा चौक. पेशव्यांच्या सरदाराचं नाव आज गाइडं आणि व्यवसायमाला घ्यायला आलेल्या पोरांच्या तोंडी आहे, यात मला तरी मौज वाटते.) पण मुंबई-पुण्याबाहेर पडलं की चित्र वेगळं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्याच आठवड्यात आत्याला भेट द्यायला एक मराठी कादंबरी हवी होती. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना फिरलो. दिवाळी अंक येतील म्हणाले, कादंबरी नव्हती.

इंग्लंडने किंमत मोकळी सोडली, फ्रान्सने कायद्याने बांधली. आपल्याकडे छापील किमतीच्या वर विकता येत नाही, खाली कितीही जाता येतं. म्हणजे दुकान जगवायचं की नाही याचा निर्णय कुणा मंत्र्याकडे नाही, तो तुमच्या-माझ्याकडे आहे. ही मोठी जोखीम आहे, कारण रात्री जेवण झाल्यावर संगणकासमोर बसलेला माणूस, म्हणजे मी, फार भरवशाचा नसतो.

आता राहिलेली गोष्ट.

दुकान बंद होण्याआधी काकांनी सगळा माल निम्म्या किमतीत काढला. मी गेलो. फळीवर गठ्ठे रचलेले. लोक पिशव्या भरभरून नेत होते आणि 'अरेरे, बंद करताय' असं म्हणत होते. त्या गठ्ठ्यांत मला ते दोन खंड दिसले. सुतळीने एकत्र बांधलेले, वर बिलबुकातून फाडलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर माझं आडनाव, फोन नंबर, आणि खाली 'फोन केला' म्हणून तारीख. एकच नाही, तीन तारखा होत्या. पहिल्या फोनचं मला आठवत होतं. बाकीचे दोन मी घेतले नव्हते.

मी ते खंड घेऊन गल्ल्याशी गेलो. काकांनी चिठ्ठी काढून खिशात घातली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि निम्म्या किमतीचा आकडा सांगितला. मी म्हटलं, काका, पूर्ण घ्या. ते म्हणाले, "अरे, सगळ्यांना निम्म्यातच देतोय." आणि सुटे पैसे मोजून परत दिले.

त्यामुळे घरात त्या चरित्राचे दोन संच आहेत. नातेवाईक मंडळी विचारतात की एकच पुस्तक दोनदा कशाला. त्याचं उत्तर हे. मागे मावसभावाने एक संच मागितला होता, तेव्हा मी त्याला घरपोच आलेला दिला. सुतळीवाला ठेवलाय.

तेव्हापासून एक नियम पाळतो, जमेल तितका. जे पुस्तक दुकानात सापडलं ते दुकानातच घ्यायचं. ज्याने नाव सुचवलं त्याच्याकडूनच घ्यायचं. जे कुठेच मिळत नाही ते खुशाल घरपोच मागवायचं, त्यात पाप नाही. गावाकडे राहणाऱ्यांना तर दुसरा इलाजही नसतो. पण दुकानदाराला 'मागवून ठेवा' म्हटलं की आणायला जायचं. वर्षाला मला यात हजार-दीड हजार रुपये जास्त पडत असतील. तेवढ्याची आम्ही एका दुपारी मिसळ खातो.

कल्याणला एक दुकान सापडलंय. लहान आहे. मालक तरुण आहे, पुस्तकं वाचतो, आणि दहा टक्के सोडतो. येत्या रविवारी एक पुस्तक आणायला जायचंय. त्याने मागवून ठेवलंय.